घासलेलं पातं

जुन्या काळी, किती जुन्या ते मला विचारू नका, एका बंदरावर गलबतांतून आलेल्या परदेशी लोकांची वस्ती होती. कुणाचा पणजा फिरंगी, कुणाचा वलंदेज, कुणाचा फरासीस. पतवंडं मात्र माशाचं कालवण ओरपत आपल्या मराठीतच भांडायची. पणज्याच्या मुलुखाचा घरोघरी एक घडीचा चाकू तेवढा उरला होता. त्याच्या पात्यावर पणज्याच्या गावाचं नाव कोरलेलं असे. मुलीच्या लग्नात बापाने चाकू उघडायचा, ते नाव मोठ्याने सांगायचं आणि मगच लग्नाचा पाव कापायचा, अशी त्यांची रीत.

त्या वस्तीतल्या बस्त्यावला या चाकूंचा भारी नाद. घरचा होताच, शिवाय आईकडचे, आजीकडचे जे जे मुलूख, तिथले चाकू त्याने खलाशांच्या मागे लागून जमवले आणि एका पेटीत मांडून ठेवले होते. लोक पेटी बघायला येत, "वा, वा" करत आणि उठून शेजारच्या सालूकडे जात!

सालूकडे एकच चाकू. रोज मासे कापून, दोर कापून आणि पुन्हा पुन्हा धार लावून त्याचं पातं पार निमुळतं झालेलं. लोक तो हातात घेऊन म्हणत, "याला म्हणतात पिढीजात!"

झालं! बस्त्यावच्या अंगाचा तिळपापड होई. ताटातला घास गोड लागेना.

बायको म्हणाली, "अहो, त्यांचा वापरून झिजलाय. तुमच्या आजोबांनी आपला जपून ठेवला. त्यात कमीपणा कसला?"

"तुला काय कळतंय! माझ्या चाकूला लोक नवा म्हणतात, नवा! लेकीच्या लग्नात बघच आता. सालूच्या नाकावर टिच्चून उघडतो की नाही!"

परसात दगड घेऊन तो रोज घरच्या चाकूचं पातं घासायला बसू लागला. धार घासली, मग दोन्ही बाजू घासल्या. कोरलेली अक्षरं पुसट होऊ लागली, तसा तो आणखी खूश झाला. सालूच्या चाकूवरची अक्षरंही पुसटच होती ना! हेव्याने माणूस आंधळा होतो म्हणतात, ते काही उगीच नाही.

लग्नाच्या दिवशी मांडव भरला. बस्त्यावने ऐटीत चाकू उघडला. पातं सालूच्या पात्यापेक्षाही बारीक दिसत होतं. वराची आत्या कौतुकाने म्हणाली, "केवढा जुना हो! गाव कुठलं तुमचं?"

बस्त्यावने पातं वर धरलं. उलटून पाहिलं. एक अक्षर उरलं नव्हतं. आणि लिहिलेलंच आहे म्हटल्यावर नाव पाठ कुणी करायचं? सांगायला घरात वडीलधारंही कुणी राहिलं नव्हतं.

त्याची नजर सालूकडे गेली. सालूचा बाप धार लावताना दर वेळी गावाचं नाव सांगायचा. सालूने ते झोपेतही सांगितलं असतं. पण ते सालूचं गाव. बस्त्यावच्या काय उपयोगाचं?

"बाबा, सांग ना," लेक हळूच म्हणाली.

बस्त्यावने मान खाली घालून चाकू पावाला लावला. पाव शेवटी तसाच, नावाशिवाय कापला गेला. लेक सासरी गेली. पुढे तिच्या मुलांनी विचारलं, "आई, तुझा पणजा कुठला?" तेव्हा तिच्यापाशी सांगायला काहीच नव्हतं.

म्हणून बाळांनो आणि बाळांच्या आजोबांनो, ध्यानात ठेवा: दुसऱ्याच्या हेव्याने पेटलेला माणूस त्याचं काही घेऊ शकत नाही, आपलं होतं ते मात्र घालवून बसतो.