बाकावरची सुगंधा

"मग माझं चुकलं कुठे, बाई?"

शार्दूलने हे विचारलं तेव्हा ओपीडी संपत आली होती. डॉ. वत्सलाबाई पेंढारकर खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. कर्करोगाच्या विभागात तो त्यांच्या हाताखाली शिकत होता. हुशार होता, आणि ते त्याला ठाऊक होतं.

सिन्नरकडची सुगंधा, पहिलटकरीण, पाचवा महिना. छातीत गाठ. दूध उतरत असेल, म्हणून गावाकडे सगळे गप्प बसले होते. शार्दूलला हात लावताच शंका आली. सोनोग्राफी केली, गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. कॅन्सरच निघाला.

मग त्याने तिला सगळं समजावलं. मूल पाडायची गरज नाही. ऑपरेशन आत्ता होईल, पुढे बाळाला सोसतील अशी औषधं, किरणं मात्र बाळंतपणानंतर. त्यात बाईंनाही काही बदलावंसं वाटलं नाही.

ऐकून सुगंधा नुसतीच उठली. घरी जाते म्हणाली.

"तिनं काही विचारलं?"

"बाळाला अंगावर पाजता येईल का, एवढंच."

"मग?"

"म्हटलं, आत्ता तो प्रश्न नाही. आधी जीव…"

बाईंनी डोळे उघडले. मग गुडघ्यांवर हात रेटून उठल्या.

सुगंधा अजून बाहेर बाकावरच होती, मांडीवर पिशवी घेऊन. बाई शेजारी बसल्या. शार्दूल उभाच राहिला.

"औषधं चालू आहेत तोवर नाही गं पाजता येणार," बाई म्हणाल्या.

सुगंधा रडायला लागली. बाईंनी समजूत घातली नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. भिंतीला डोकं टेकून तशाच बसून राहिल्या. शिपायाने पंखे बंद केले. शार्दूल या पायावरून त्या पायावर होत राहिला…

शेवटी सुगंधाने पदराने तोंड पुसलं.

"भरती कधी व्हायचं?"

ऑपरेशन झालं, औषधं झाली. माघात तिला मुलगी झाली. लेकीच्या डोक्यावर दाट जावळ होतं, आईच्या डोक्यावर एक केस नव्हता.

मुलीला पाहून परतताना शार्दूलने इतके दिवस मनात ठेवलेलं विचारलं. त्या दिवशी बाकावर तुम्ही नेमकं केलंत तरी काय?

बाई जिन्यात थांबल्या. कठड्याला धरून श्वास घेतला.

"मी दमले होते रे… म्हणून बसले."