बुजवलेली चीर

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक सुतार राहत होता. गाव ख्रिस्ती होतं आणि सुतार पक्का श्रद्धाळू. रविवारची उपासना त्यानं कधी चुकवली नाही, आणि प्रार्थनेत त्याचाच आवाज सगळ्यांत मोठा. हात असा, की त्यानं केलेल्या पाटावर पाणी सांडलं तर कुठल्या बाजूला वाहावं हे पाण्याला कळू नये.

एकदा नाताळ तोंडावर आला असताना चर्चच्या मनोऱ्याची शिडी मोडली. पाळकसाहेबांनी नवी करायला सांगितली. काम करता करता सुताराला एका पायरीच्या लाकडात बारीक चीर दिसली. दुसरं लाकूड आणायचं तर दोन दिवस मोडणार. "एवढ्याशानं काय होतंय," असं म्हणून त्यानं सरसात भुसा कालवला, चीर बुजवली आणि वरून रंधा फिरवला. मग ती चीर त्याची त्यालाही सापडेना.

नाताळच्या सकाळी घंटा वाजवणारा वर चढला आणि नेमकी तीच पायरी मोडली. त्याच्या कंबरेचं हाड गेलं. जीव वाचला, पण कुबडीशिवाय तो पुन्हा उभा राहिला नाही.

हा घंटेवाला तरुणपणी दारू पीत असे. प्रभूच्या मार्गाला लागल्यापासून त्यानं थेंबाला शिवलं नव्हतं. पण गावाला जुनं तेवढं बरोबर आठवतं. "सणाची चढवली असेल, दुसरं काय!" असं लोक म्हणाले आणि घंटेचा मान त्यांनी दुसऱ्याला दिला. सुतार तिथंच उभा होता. चिरेचं पोटातच ठेवून तो तिथून निघाला. तुटलेली पायरी त्यानं गुपचूप खूप शोधली, ती काही मिळाली नाही.

त्या गावात एक चाल होती. ईस्टरच्या आदल्या शनिवारी सगळे एकमेकांच्या घरी जात आणि म्हणत, "माझं काही चुकलं असेल तर क्षमा कर." समोरचा म्हणे, "प्रभूनं आपल्याला केली, मी कोण न करणारा?" मग रविवारी सगळे स्वच्छ मनानं प्रभूच्या आठवणीची भाकर, म्हणजे प्रभुभोजन, घेत.

सुतारही घंटेवाल्याच्या दारी गेला. ठरलेलं वाक्य बोलला. घंटेवाल्यानं ठरलेलं उत्तर दिलं, आणि मग त्याच्याकडे पाहत विचारलं, "आणखी काही सांगायचंय का, दादा?"

"नाही रे. तुझी कुबडी सैल झालीय, तेवढी ठोकून देतो," सुतार म्हणाला.

असं एक नाही, नऊ वर्षं चाललं. सुतारानं त्याचं छप्पर नीट केलं, दार नवं केलं, खाट करून दिली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! खाई त्याला खवखवे म्हणतात, तशी त्याची गत झाली. प्रभुभोजनाची भाकर त्याला मातीसारखी लागे.

शेवटी तो पाळकसाहेबांकडे गेला. "एखाद्यानं देवाची क्षमा मागितली, रडून मागितली, तर पुरे ना?"

पाळकसाहेब म्हणाले, "देव क्षमा करतोच. पण ज्याला दुखावलं त्याचं दार त्याच वाटेवर लागतं. ते टाळून पुढं कसं जाणार?"

दहाव्या वर्षी शनिवारी सुतार घरातून निघाला तो ठरवूनच. आज सगळं सांगायचं. पण घंटेवाल्याच्या अंगणात माणसं जमली होती. "बरं झालं आलास," एक जण म्हणाला. "तासाभरापूर्वीच गेला तो. पेटी तुलाच करायची आहे."

सुतार माप घ्यायला आत गेला. घंटेवाल्याच्या बायकोनं चुलीपाशी ठेवलेला एक लाकडाचा तुकडा आणून त्याच्या हातात दिला. मोडल्या जागी सरस वाळून पिवळा पडला होता.

"पडले तेव्हा हा त्यांच्या मुठीतच होता, दादा. त्यांना त्याच दिवशी कळलं."

"मग तो बोलला का नाही?"

"म्हणायचे, मी बोललो तर तो पकडला जाईल. तो बोलला तर सुटेल." तिनं डोळ्यांना पदर लावला. "दर वर्षी या शनिवारी हा तुकडा चुलीपाशी काढून ठेवायचे. आज दादा सांगेल, मग दोघं मिळून हा चुलीत घालू आणि त्यावरच चहा करू, म्हणायचे. तुम्ही कुबडी ठोकून निघून जायचा. आज सकाळीही म्हणाले, काढून ठेव, शनिवार आहे. त्यांनी क्षमा केव्हाच केली होती. तुम्हीच घेतली नाहीत."

सुतार मेलेल्या मित्राच्या पायांवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडला. ते पाय थंड होते.

दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या उपासनेत, त्यानं उभं राहून सगळं सांगितलं. गाव मान खाली घालून बसलं. घंटेवाल्याच्या नावावरचा डाग पुसला गेला, पण ते ऐकायला तो नव्हता. भाकर पुढं आली. देवानं आपल्याला क्षमा केली यावर सुताराचा विश्वास होता, तरीही घास गिळताना त्याला फार वेळ लागला.

घरी येऊन त्यानं चूल पेटवली आणि तो तुकडा हातात घेतला. पण ते काम दोघांचं होतं. एकट्याच्यानं ते होईना.

तात्पर्य: देव वाट पाहत राहतो, पण माणसाला तेवढं आयुष्य नसतं. ज्याचा अपराध केला, त्याला तो आजच, स्वतःच्या तोंडानं सांगावा.