गप्प घरटी

नदी जिथे दमूनभागून समुद्राला मिळते, तिथल्या खाडीकाठी तिवरांच्या झाडांवर बगळ्यांची मोठी वस्ती होती आणि तीत एक बगळी राहत असे. तिची ही पहिलीच वीण. तीन अंडी घातली, तिन्हींतून पिल्लं निघाली. मुलांनो, बगळ्याचं पिल्लू जागं असेल तोवर ओरडतं, आणि त्याला भरवता भरवता आईचे पंख खिळखिळे होतात. म्हणून असेल, त्या वस्तीत एक रीत पडली होती. रोज संध्याकाळी सगळ्यांत म्हातारा बगळा फांदीफांदीवरून फिरायचा, कान द्यायचा आणि ज्या घरट्यातून आवाज येत नाही त्याचं कौतुक करायचा. "पिल्लू गप्प, म्हणजे पोट गच्च," हे त्याचं ठरलेलं वाक्य. खरं की खोटं, कोणी तपासलं नव्हतं.

बगळीने खाडीच्या मुखाशी मासे धरले, दिवसातून सहा सहा वेळा भरवलं. आठवड्याभरात दोन पिल्लं गप्प झाली. पोटं टम्म, डोळे अर्धवट मिटलेले. तिसरं उशिरा बाहेर आलेलं, मरतुकडं. भावंडांच्या रेट्यात त्याच्या वाट्याला मासा क्वचितच यायचा, म्हणून ते तेवढं ओरडत होतं. "दोघं तरी छान पोसलीस हो, पोरी," म्हातारा म्हणाला. बगळी सुखावली. त्यानंतर चौथ्या दिवशी ती दोघं मेली आणि घरट्यातून घसरून खाली चिखलात पडली. म्हातारा म्हणाला, "नशीब." त्या वस्तीत हा शब्द फार चालायचा. तो उच्चारला की पुढचं काही विचारावं लागत नसे.

झाडाखाली एक खेकडा होता. वरून जे पडेल ते खाऊन जागा साफ ठेवणं हे त्याचं काम. दुसऱ्या दिवशी त्याने बगळीला हाक मारली.

"वहिनी, रागावू नका. पण तुमच्या पोरांच्या पोटात खाण्यासारखं काही निघालं नाही."

"रोज सहा वेळा भरवत होते मी."

"भरवलंत, मी बघत होतो. पण आत हे होतं." त्याने नांगीने थोडे दाणे पुढे सरकवले. निळे, पांढरे, लाल. काही मोहरीएवढे, काही त्याहून बारीक. "नदीतून वरच्या गावांच्या पिशव्या येतात, दोऱ्या येतात, बाटल्या येतात. ऊन आणि खारं पाणी त्यांचा चुरा करतं, पण तो विरघळत नाही. मी चिखल चाळून खातो, तरी हे माझ्याही तोंडात येतंच. मासे अंडी समजून गिळतात. मासे तुम्ही भरवता."

"मग पोरं ओरडली का नाहीत?"

"पोट भरलेलं असलं की भूक कळत नाही, वहिनी. उपाशीच मेली ती. फक्त गप्प राहून."

बगळी म्हाताऱ्याकडे गेली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मान झटकली. "मेलेलं खाणाऱ्याचं काय ऐकतेस? माझा आजा याच मुखाशी जेवला, बाप इथेच जेवला."

"तेव्हा हे दाणे होते का?"

"असतीलही. बघत कोण बसतं. उगाच बोभाटा करू नकोस, आया घाबरतील."

"आजोबा, तुम्ही मुखाशी कधी दिसत नाही. तुम्ही जेवता कुठे?"

म्हाताऱ्याने छातीवरची पिसं साफ केली. "माझं आता वय झालं. खाडीचा मासा जड पडतो. मी डोंगराकडच्या भातखाचरांत जातो, तिथले बेडूक बरे असतात. तुमचं काय, तरुण अंग, तुम्हाला पचेल."

हे तो अगदी मायेने म्हणाला. असे मोठे नेहमी मायेनेच बोलतात.

बगळीने शेजारणींना दाणे दाखवले. एक म्हणाली, "हिची दोन गेली ना, डोकं ठिकाणावर नाही." दुसरी म्हणाली, "आमची बघ कशी शहाणी, गप्प पडून आहेत." बगळीने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून ती खाचरांत जाऊ लागली. वाट लांबची, वारा समोरून. सहा खेपांच्या जागी दोन व्हायच्या, आणि उरलेला दिवस ते एकुलतं पिल्लू किंचाळत राहायचं. म्हातारा तिच्या फांदीपाशी येईनासा झाला. शेजारणी म्हणायच्या, "आई कसली, पाहुणी आहे ती. दोनदा तोंड दाखवून जाते."

एका सकाळी तिचा पंखच उचलेना. खाली ओहोटीच्या पाण्यात मासे चमकत होते, चार पावलांवर. तिने एक उचलला. पिल्लाने चोच उघडली, घशापर्यंत लाल. बगळी कितीतरी वेळ मासा धरून उभी राहिली. मग तो तिने स्वतः गिळला, कारण उडायला काहीतरी लागणारच होतं, आणि खाचरांच्या दिशेने निघाली. मागून ओरडणं ऐकू येत होतं. ऐकू येतंय तोवर ठीक आहे, एवढंच तिला कळत होतं.

पाऊस ओसरला तेव्हा ते पिल्लू फांदीवरून फांदीवर उडू लागलं. काटकुळं, कर्कश, हावरट. त्या संध्याकाळी म्हातारा नेहमीसारखा फेरीला निघाला. या फांदीवर थांबला, त्या फांदीवर थांबला, कान दिला. घरटी होती, आत हलत काही नव्हतं. खाली खेकड्याला डोळे वर करायलाही उसंत नव्हती.

"यंदा वस्ती कशी शांत आहे," म्हातारा समाधानाने म्हणाला.

तेवढ्यात बगळीचं पिल्लू भुकेने ओरडलं आणि म्हाताऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या. बगळीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उजेड अजून थोडा होता. तिने पंख झटकले आणि ती आणखी एका खेपेला निघाली.

तात्पर्य : पोट भरणं म्हणजे पोसणं नव्हे, आणि जे वाढून वडीलधारे स्वतः दुसरीकडे जेवतात, त्याचं ताट बाजूला सारावं, मग शाबासकी नाही मिळाली तरी चालेल.