गव्याचा सत्कार

एका डोंगरपठारावर एक म्हातारा गवा राहत असे. गवा म्हणजे रानबैलच म्हणा ना. अंगाने आडदांड, पण स्वभावाने भारी भिडस्त. चिखलात रुतलेले सांबर ओढून काढायचे, तर गवा. रानकुत्री आली की पुढे उभे राहायचे, तर गवाच. आणि जन्मभराचे त्याचे काम म्हणजे गवत राखणे. आज हा उतार चरायचा, तो सोडायचा. चरलेले पुन्हा वाढेपर्यंत तिथे पाय ठेवायचा नाही. झऱ्याकाठच्या कुरणाला तर होळीआधी कोणी तोंड लावायचे नाही. त्या राखलेल्या गवतावर सगळे रान उन्हाळा काढी.

एके वर्षी दसरा झाला आणि कोल्ह्याला कळवळा आला. त्याच्या बापजन्मी कोणी गवत खाल्ले नव्हते, पण पुढेपुढे करायची हौस दांडगी! तो म्हणाला, "आजोबांनी एवढी सेवा केली आणि आपण साधा सत्कार करू नये? लाज वाटायला हवी!" सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारच्या रानांतले कळपच्या कळप बोलावले. जागा ठरली झऱ्याकाठचे कुरण, कारण न चरलेले दाट गवत तेवढेच उरले होते.

गव्याच्या गळ्यात त्याच्याच गवताचा हार पडला. बी अजून पिकलेही नव्हते हो! तो कासावीस होऊन म्हणाला, "अहो, हे गवत उन्हाळ्याचं..." कोल्ह्याने त्याला खाली बसवले. "आधी भाषणं! सत्कारमूर्ती शेवटी बोलतील." भाषणे लांबली. पाहुणे गवतात तोंड घालून ऐकत होते. गव्याची पाळी आली तेव्हा अर्धे कुरण फस्त झाले होते, पण अर्धे अजून शिल्लक होते. त्याच्या मनात आले, 'आता पाहुण्यांना उठा कसं म्हणायचं? बरं दिसत नाही.' तो एवढेच बोलला, "मी आपला आभारी आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुणे आणखी तीन दिवस राहिले आणि मुळेसुद्धा उकरून खाऊन गेले.

वैशाखात पठारावर काडी उरली नाही. गव्याची नात पावसाळ्यातच जन्मलेली; तिच्या आईचे दूध आटले. ती पोर पाय दुमडून पडली आणि म्हणाली, "आजोबा, सगळे खात होते तेव्हा तुम्ही नको का नाही म्हणालात?"

"बरं दिसलं नसतं, बाळ."

"कुणाला?"

दुसऱ्या दिवशी ती मेली. कोल्हा सांत्वनाला आला, घटकाभर बसला आणि जाताना म्हणाला, "काही लागलं तर सांगा हं, आजोबा."

तात्पर्य : ज्याचे काम तुडवून त्याचाच गौरव होतो, तो गौरव नव्हे, नासाडी, आणि ती उघड्या डोळ्यांनी होऊ देणारी भीड ही भिकेची बहीण.