उजवं म्हणजे कोणतं?

एकदा एक वृद्ध तांडेल कौलांनी भरलेलं गलबत घेऊन खाडीच्या मुखाशी आला. जोमा त्याचं नाव. चाळीस वर्षं त्याने याच किनाऱ्यावर गलबतं चालवली होती. त्या दिवशी पहिल्यांदाच सुकाणूवर त्याचा शिष्य धाकू होता. धाकू पंचविशीचा, हुशार. दूरच्या बंदरात काम शिकून दोनच महिन्यांपूर्वी जोमाकडे आलेला.

भर दुपार होती. पुढे उजव्या अंगाला खडकावर फुटणारा पांढरा फेस दिसत होता. नाळेवर, गलबताच्या पुढच्या टोकाशी उभ्या असलेल्या जोमाने हाक दिली, "उजवं!"

सुकाणूचा दांडा ज्या बाजूला लोटावा, तिच्या उलट बाजूला गलबत वळतं. जोमाच्या किनाऱ्यावर 'उजवं' म्हणजे दांडा उजवीकडे, अर्थात गलबत डावीकडे. धाकूच्या बंदरात मात्र 'उजवं' म्हणजे गलबतच उजवीकडे. धाकूने शिकल्याप्रमाणे दांडा डावीकडे लोटला आणि गलबत थेट खडकावर गेलं. बाकीचे पोहून निघाले. खाली कौलांपाशी असलेला खलाशी भागोजी तेवढा वर आला नाही.

पंच बसले. जुने खलाशी जोमाच्या बाजूने बोलले, बंदरावरचे नवे धाकूच्या बाजूने. 'उजवं' या एका शब्दावर दिवसभर वाद झाला. कौलांचा मालक व्यापारीही आला होता. तो पंचांना म्हणाला, "गावाचं सुकाणू तुमच्या हाती आहे. काय ते एकदाचं मिटवा." संध्याकाळी निकाल लागला: दोघांनीही आपापल्या रीतीप्रमाणे बरोबरच केलं, दोष शब्दाचा. भागोजीची बायको चांगुणा भिंतीला टेकून बसली होती. ती उठून गेली.

दोन दिवसांनी धाकूने पाहिलं, तर जोमा एका परक्या मचव्यावर साधा वल्हेकरी म्हणून बसला होता.

"तांडेलकाका, हे काय? पंचांनी तर आपल्याला सोडलं."

"पंचांनी शब्दाचा अर्थ विचारला. तो आपण दोघांनीही बरोबर सांगितला." जोमाने वल्हं आडवं ठेवलं. "धाकू, तू दुसऱ्या बंदरातून आलास, तिथे हाक उलटी असते, हे मला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं, 'बाबा रे, तुझं उजवं कोणतं?' पान चघळायला जितका वेळ लागतो, तितकाही लागला नसता. पण चाळीस वर्षं माझा शब्द सगळ्यांना कळत आला होता. मी कशाला विचारू, असं वाटलं. भागोजी त्या वाटण्याने बुडाला. आता तू सांग. फेस तुला दिसला होता का?"



"हाक तुमची होती, काका."

"हाक माझीच होती. मी विचारतोय ते डोळ्यांचं."

धाकू म्हणाला, "दिसला होता. चुकतंय असंही वाटलं. पण वाटलं, तांडेलाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि चुकलंच, तर हाक त्यांची."

"ज्याच्या हाती सुकाणू, त्याला ही पळवाट नसते," जोमा म्हणाला. "अर्थ किनाऱ्यावर बसून लावता येतात. गलबतावर माणसं असतात. मी माझं चांगुणेला काल सांगून आलो. तुझं मी सांगणार नाही."

धाकू तिच्या घरी गेला. चांगुणा अंगणात सुकट पसरत होती. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"हे पंचांसमोर का नाही बोललात, भावजी?"

"कुणी विचारलं नाही, वहिनी."

"मी तिथेच बसले होते," ती म्हणाली.

 क्षमा मागायची म्हणून तो आला होता. पंचांपुढे तिच्यासमोर गप्प बसल्यावर ती मागायचाही हक्क आपल्याला उरला नाही, हे त्याला उमगलं. तो परत फिरला आणि पुढे कित्येक वर्षं, कुणी सुकाणू देऊ केलं तरी, तो वल्ह्यावरच बसत राहिला.