फीत बांधलेली पेटी

"...पण मग दिल्यावरही दिल्यासारखं का वाटत नाही, बुवा?"

दौलतशेठ लाटकरांनी हे विचारलं ते बालरुग्णालयाच्या नव्या खोलीच्या दारात. शेठ सूतगिरणीचे मालक. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी अख्खी खोली त्यांनी बांधून दिली, वर ऊब देणारी काचेची पेटीही. एवढं करून मन काही भरत नव्हतं. थोड्या वेळात मंत्री येणार होते, फीत कापायला. त्याआधी आशीर्वाद हवा म्हणून शेठनी मठात गाडी पाठवून निरंजनबुवांना आणवलं होतं.

बुवांनी प्रश्न ऐकला की नाही, देव जाणे. ते पेटीकडे पाहत होते. तिला लाल फीत बांधली होती, वर झेंडूचा भलामोठा हार.

"ही रिकामी का?"

"म्हणजे काय बुवा! उद्घाटनाआधी कुणी हात लावायचा नाही, असं मीच बजावलंय सगळ्यांना."

"हं," बुवा म्हणाले. बस्स, एवढंच.

तेवढ्यात आतल्या दारातून सिस्टर धावत आल्या. हातात दुपट्यात गुंडाळलेली एवढीशी पोर.

"शेठ, आत्ताच जन्मलीय. गार पडत चाललीय हो. जुन्या पेट्या भरल्यात. आई शुद्धीवर नाही, नाहीतर तिच्याच छातीशी दिली असती..."

त्या नुसत्या फितीकडे बघत राहिल्या.

अरे देवा, माझ्या हुकमापायी! त्यांनी फीत ओढून तोडली, हार भिरकावून दिला.

"घ्या, घ्या! बघता काय?"

सिस्टरनी बटण दाबलं. "तापायला वेळ लागेल, शेठ."

"मग तोवर? बुवा, अहो, काहीतरी करा ना!"

बुवा जवळ आले. त्यांनी शेठच्या रेशमी झब्ब्याचं वरचं बटण सोडलं.

"काढ."

सिस्टरना लगेच उमगलं. त्यांनी शेठना खुर्चीत बसवलं, छाती पुसली आणि पोरीला तिथं उघडंच ठेवलं. वरून दुपटं, आणि त्यावर मंत्र्यांच्या सत्कारासाठी आणलेली शाल.

शेठना आधी नुसता गारवा लागला, ओल्या फडक्यासारखा. मग त्या गारव्यात काहीतरी धडधडलं... इवलंसं, भराभर. आपल्या श्वासाचाही तिला धक्का लागेल म्हणून शेठ अलगद, अगदी अलगद श्वास घेऊ लागले.

बाहेर बँड वाजला. मुनीमजी दारातून डोकावले.

"शेठ, साहेब आलेत. चला लवकर!"

"हळू बोला हो..."

मुनीमजी आ वासून उभेच राहिले.

पोरीनं जांभई दिली.

"बुवा... जांभई दिली हिनं!" शेठ पुटपुटले. जगात आजवर कुणी जांभईच दिली नव्हती जणू. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायला हात मोकळा नव्हता. काय हा चमत्कार! एवढ्याशा मुठीत नखंसुद्धा होती.

हळूहळू तिचे पाय कोमट झाले. मग अंगही.

सिस्टर जवळ आल्या. "पेटी तापली, शेठ. द्या इकडे."

शेठचे हात सुटेनात.

"राहू दे ना जरा... इथं ऊब आहे की."

"ऊब आहे, पण तिला ऑक्सिजनही हवाय, तो पेटीतच मिळेल."

शेठनी बुवांकडे पाहिलं. अख्खी खोली देऊन टाकताना जे हात जराही अडले नव्हते, ते आता पोरीवरून निघत नव्हते.

"बुवा, फार जड जातंय हो..."

बुवांनी पेटीचं झाकण स्वतः उघडून धरलं.

"आता दे, दौलत."