देहाची विचारपूस

"...आणि देह म्हणजे मी नव्हे, हे ज्याला कळलं, त्यानं देहाची विचारपूस तरी कशाला करावी, बाबा?"

विश्वंभरानं हा प्रश्न भरसभेत टाकला. मुकुंदगीरबाबांच्या मठात त्याच्याइतका तल्लख ब्रह्मचारी दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट त्याला स्वतःलाही ठाऊक होती. तिशीच्या आतलं वय, उपनिषदं तोंडपाठ, आवाज खणखणीत. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या.

सभा उठल्यावर बाबा त्याला घेऊन नदीच्या घाटावर आले.

"हल्ली सिद्धासनात बसत नाहीस."

विश्वंभर चपापला. "नाही... टाच तिथं दाबते, म्हणून साधी मांडी घालतो."

"दुखतं?"

"दुखत नाही. जड वाटतं."

"काय जड वाटतं?"

तो पाण्याकडे बघत राहिला. हिवाळ्यात अंघोळ करताना उजव्या वृषणावर एक गाठ हाताला लागली होती. वाटाण्याएवढी, टणक. दुखत नव्हती, म्हणून त्यानं ती मनावर घेतली नाही. आता उन्हं तापली होती आणि गाठ वाढली होती. अलीकडे तर तो तिथं हात लावायचंच टाळत होता.

"सांगण्यासारखी जागा नाही, बाबा."

"देह तू नव्हेस ना?"

"नव्हे."

"मग लाज कुणाला वाटतेय?"

अखेर विश्वंभरानं सगळं सांगून टाकलं. वर मान ताठ करून म्हणाला, "ब्रह्मचाऱ्याला त्याचं काय? राहिलं काय, गेलं काय!"

"आणि तू गेलास तर?"

बाबांनी उपरणं खांद्यावर टाकलं. संध्याकाळचं प्रवचन दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगितलं आणि तालुक्याची एसटी धरली. विश्वंभर मागोमाग.

दवाखान्यात खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, "काय त्रास होतोय?"

बाकं माणसांनी भरलेली. विश्वंभरानं मान खाली घातली.

"याच्या वृषणात गाठ आहे," बाबा प्रवचनात बोलावं तशा स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाले. "तपासायची आहे."

माना वळल्या. कुणी हसलं नाही. उलट कोपऱ्यात इतका वेळ नुसताच बसलेला एक तरुण उठला आणि मुकाट्यानं खिडकीपुढच्या रांगेत येऊन उभा राहिला.

डॉक्टर लोखंड्यांनी हातानं तपासलं, सोनोग्राफी केली, रक्त घेतलं, छातीपोटाचा स्कॅन करवला. मग समोर बसवून सांगितलं, "कॅन्सर आहे. हा तरुणांनाच जास्त होतो, आणि दुखत नाही म्हणून पोरं अंगावर काढतात. तुमचा अजून बाहेर पसरलेला नाही. तो वृषण काढू, दुसरा उत्तम आहे. बरे व्हाल तुम्ही."

बाबांनी विश्वंभराच्या पाठीवर हात ठेवला आणि शस्त्रक्रिया होईपर्यंत मठात परतलेच नाहीत.

पुढच्या तपासण्यांत काही निघालं नाही. विश्वंभर मठात आला. पहिल्याच सभेत त्यानं आपली हकिगत आडपडदा न ठेवता सांगितली.

"महिन्यातून एकदा," तो तरुण ब्रह्मचाऱ्यांना म्हणाला, "गरम पाण्यानं अंघोळ झाली की दोन्ही वृषण एकेक करून बोटांत हळूच फिरवून बघा. टणक काही लागलं, आकार बदलला, जड वाटलं, तर दुखायची वाट बघू नका. डॉक्टर गाठा."

कुणी खाली बघितलं, कुणी खाकरलं. पण ऐकलं सगळ्यांनी.

सभा उठली. विश्वंभर बाबांजवळ येऊन बसला.

"बाबा, आजवर मी यांना देह विसरा म्हणून शिकवलं. मी स्वतः तर कधीच विसरलो होतो. आणि आज सांगतोय, हात लावून बघा. यातलं खरं कोणतं?"

बाबा म्हणाले,

"ज्याला कधी नीट पाहिलंच नाहीस, त्याला विसरलास कसा?"